दाराकडे तोंड केलेलं खेचर

त्रिपोली, ४ ऑक्टोबर १९८४

लेफ्तेरीदादा,

तुझा पत्ता कूलामावशीने दिला. देताना म्हणाली, तो काही उत्तर देणार नाही, तुझं पोस्टाचं तिकीट वाया जाईल. तरी लिहिते आहे. तू मेलबर्नला गेलास तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि तुझ्या खांद्यालाही लागत नव्हते. आता किती लागेन ते तू समोर उभा राहिल्याशिवाय कसं कळणार?

आधी घरचं सांगते. बाबा गुडघा सोडला तर बरे आहेत. आई बरी आहे. द्राक्षं या वर्षी उशिरा उतरवली. आपलं खेचर मेलं. बाबांनी दुसरं घेतलं नाही, पण त्याचं खोगीर अजून खुंटीला आहे आणि त्याला कुणी हात लावलेला त्यांना चालत नाही.

मी अथेन्सला राहून पुरातत्त्व शिकले. आपल्या घरातली पहिली पदवी. बाबा तो कागद दाखवायला कॉफीच्या दुकानात घेऊन गेले आणि तिथे कुणीतरी त्यावर कप ठेवला. त्याचा गोल डाग अजून तसाच आहे, आणि बाबा तो डागही लोकांना दाखवतात. या उन्हाळ्यात मी इथे, आपल्या जिल्ह्याच्या त्रिपोलीत, पुराणवस्तू कचेरीत लागले. करारावर आहे, कायम नाही.

आता ज्यासाठी लिहिते आहे ते. आमची कचेरी डोंगरातल्या जुन्या चर्चमधल्या वस्तू पाहून त्यांची नोंद करते आहे, म्हणजे चोरीला गेल्या तर निदान काय होतं ते तरी कळेल. आपली बाजू माझ्या वाट्याला आली. मी कचेरीच्या गाडीतून आपल्या मेलिसोवुनीत उतरले तेव्हा पापा-लुकास चर्चच्या दारात उभे होते. ज्यांनी माझा बाप्तिस्मा केला तेच पाद्री, पण मला म्हणाले, "या, सरकार, या. पाय पुसून या."

गुरांचं रक्षण करणाऱ्या संत मोदेस्तोसच्या तसबिरीखाली नवसाची दोरी आहे, तुला आठवत असेल. चांदीच्या पत्र्यावर उठवलेला कुणाचा पाय, कुणाचे डोळे, कुणाचं तान्हं बाळ, कुणाची गाय. त्या सगळ्यांच्या मधोमध एक कांशाचं जनावर आहे. तर्जनीएवढं लांब, कंबर बारीक, मान उंच, मागचा एक पाय मोडका. ते तू आणलेलं जनावर आहे, दादा. पायाखालच्या पट्टीच्या तळाला नागमोडी रेघा आहेत, त्या मी लहानपणी नखाने मोजायचे.

तुला हे माहीत नसेल. तू गेल्यावर आईने ते तिथे बांधलं. लेफ्तेरिस या दारातून आत येईपर्यंत हे इथून हलणार नाही, असा तिने संताला शब्द दिला आहे. त्याचं तोंड दाराकडे केलेलं आहे. आपल्या घरात सगळे त्याला खेचर म्हणतात, पापा-लुकास हरीण म्हणतात, आणि मला ते घोडा वाटतं.

तुला एक सांगू? याच्यामुळेच मी हा विषय घेतला. पहिल्याच वर्षी वर्गात ऑलिंपियाला सापडलेल्या कांशाच्या छोट्या घोड्याचं चित्र भिंतीवर दाखवलं आणि मी मोठ्याने म्हणाले, हा आमच्याकडे आहे. सगळे हसले. पण खरंच तसाच होता. सत्तावीसशे वर्षांपूर्वी आपल्यासारखीच गुरंवाली माणसं असली जनावरं डोंगरावरच्या देवीला आणून वाहायची. एकदा वाहिलेलं परत नेता यायचं नाही. जागा भरून गेली की तिच्याच आवारात खड्डा करून पुरायचे, बाहेर काढायचे नाहीत. आपल्या द्राक्षमळ्याच्या वरच्या डोंगरधारेवर असं एखादं ठिकाण असावं असं मला फार दिवस वाटतं आहे.

तू आम्हाला सांगितलं होतंस की ते मळा खणताना निघालं. जमिनीतून निघालेलं कचेरीला कळवायलाच लागतं. हे मला नोकरी म्हणून पटतं असं नाही, मनापासून पटतं. ते सगळ्यांचं आहे, मुलांना बघायला मिळालं पाहिजे. पण ते कळवलं तर दोरीवरून उतरवावं लागेल, आणि आईला ते मी कसं सांगू?

तर मला एवढंच लिही. नक्की कुठे सापडलं? वेलींच्या कुठल्या ओळीत?

तू जाण्याआधी त्या दिवशी बाबा तुला अंगणात काय म्हणाले ते मी ऐकलं नव्हतं.

तुझी आन्थी


त्रिपोली, २८ ऑक्टोबर

दादा,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचायला वेळ लागतो हे माहीत आहे, तरी लिहिते, कारण इकडे बरंच होऊन गेलं.

मी ते दोरीवरून काढलं नाही. त्याऐवजी आमच्या वरिष्ठ, रोदोपूलूबाई, त्यांनाच गावी घेऊन गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, दोरी न सोडता ते जनावर उजेडाकडे वळवलं, अंगठा फिरवला आणि हसल्या. म्हणाल्या, "आन्थी, हे नवं आहे. ऑलिंपियाच्या दुकानांतून अशी टोपलीभर मिळतात. जुनं कांसं एवढं चकाकतं होय?"

आई मागे उभीच होती. तिला ते कौतुक वाटलं. म्हणाली, "चकाकेल नाही तर काय. मी घासते ना. सणाच्या आदल्या दिवशी राख आणि लिंबू, दरवर्षी. मेणबत्तीदानांबरोबर हेही घासते."

बाईंनी डोळे मिटून घेतले. खरंच मिटून घेतले. आमच्या कचेरीत अशा वस्तूला ओलं फडकंसुद्धा लावत नाहीत. जमिनीत राहून अंगावर जो हिरवा थर येतो तोच तिच्या वयाचा पुरावा असतो. आपल्या आईने तो दहा सणांमध्ये राखेने काढून टाकला, आणि तेही भक्तीने.

म्हणजे बघ, सगळं मिटलं होतं. बाई नवं म्हणत होत्या, आई खूश, जनावर जागेवर, माझी सही आणि गाडी परत. मला हेच हवं होतं. गाडीतून येताना मी मनात हेच मागत होते.

आणि मी तोंड उघडलं. म्हणाले, नाही बाई, हे जुनं आहे, माझ्या भावाला मळ्यात सापडलंय. तळाच्या रेघा बघा, मानेचा कणा बघा. मी दुकानातली नक्कल आणि अस्सल ओळखू शकत नाही असं कुणी म्हणणं मला सहन झालं नाही, की खरं ते खरं असं वाटलं, मला अजून कळलेलं नाही. दोन्ही असेल.

आई म्हणाली, "तुला काय पडलंय गं? बाई नाही म्हणतायत ना? त्या तुझ्यापेक्षा मोठ्या आहेत."

बाई मात्र गंभीर झाल्या. दोन वाटा म्हणाल्या. पोटाखालून कणभर कांसं काढून अथेन्सच्या प्रयोगशाळेत पाठवायचं, पण त्यासाठी ते सोडून न्यावं लागेल. नाहीतर ज्याने आणलं त्याने कुठून आणलं ते सांगायचं. "तुझा भाऊ सांगेल?" असं त्यांनी विचारलं. पापा-लुकास उगाच एक विझलेली मेणबत्ती सरळ करत बसले.

आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. बोलते ते बाबांना उद्देशून. "तुमच्या शिकलेल्या मुलीला विचारा, डाळ वाढू का."

बाबांनी मला मळ्यात नेऊन विचारलं, जुनं ठरलं तर शेताला कुंपण घालतील का? मी म्हटलं, कदाचित थोड्या भागाला, कदाचित नाही. ते म्हणाले, याच भीतीने मी तेव्हा त्याला बोललो. मग थोड्या वेळाने म्हणाले, नाही, याच भीतीने नाही. तू ते जनावर आणल्यावर आठवड्याभरात पिर्गोस शहरातला कुणीतरी टोपी घातलेला माणूस आला होता म्हणे आणि त्याने विचारलं, "दुसरं आहे का?" बाबांना वाटलं तू धारेवर खणतोस आणि विकतोस. म्हणून ते अंगणात म्हणाले की मढी उकरणारा माझ्या छपराखाली नको.

ते मी ऐकलं होतं, दादा. मी गव्हाणीमागे होते. तू काहीच बोलला नाहीस तेही ऐकलं. तू 'नाही' असं का म्हणाला नाहीस?

आन्थी


त्रिपोली, ३० नोव्हेंबर

दादा,

तुझं उत्तर आलं. पाकीट कचेरीतच फोडलं आणि मग जिन्यात जाऊन वाचलं. तू लिहिलंस तेच खाली उतरवते आहे, म्हणजे मी काही चुकीचं वाचत असेन तर तुला दिसेल.

"आन्थी, ते जनावर मी ऑलिंपियाला विकत घेतलं. बस थांबते त्याच्या समोरच्या दुकानात. पाय मोडका होता म्हणून त्याने स्वस्तात दिलं. मळ्यात निघालं असं सांगितलं कारण तसं सांगितल्यावर आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. पिर्गोसच्या माणसाला मी ओळखत नाही. आईला हे सांगू नकोस. पदवीचं वाचून बरं वाटलं. लेफ्तेरिस."

मी हे किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. आधी मोकळं वाटलं. मग राग आला, कारण मी माझं सगळं शिक्षण बसथांब्यासमोरच्या दुकानावर उभं केलं असं झालं. आणि मग विश्वास बसेना.

तू त्या वर्षी गावच्या फुटबॉलच्या पोरांबरोबर ऑलिंपियाला गेला होतास हे खरं. माझ्यासाठी शिट्टी आणली होतीस. पण शिट्टी आणलीस त्याच दिवशी जनावर आणलंस का? मला ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलेलं आठवतं आणि त्याच्या पोटाखाली माती होती. लाल, आपल्या मळ्यातली. मी ती केसांच्या पिनेने काढली. पण हे मला खरंच आठवतं की आईने इतक्या वेळा सांगितलं म्हणून दिसतं, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. मोडक्या पायाची नक्कल कोण विकतं? पण मोडका म्हणूनच तर स्वस्त. प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी बसते.

शिवाय तुझं उत्तर फार सोयीचं आहे. आईचा नवस राहतो, मळा राहतो, माझी नोकरी आणि माझा प्रामाणिकपणा दोन्ही राहतात. जणू तू तिथे बसून आमच्या प्रत्येकाचं माप घेऊन लिहिलंस. सगळ्यांना बसणारं उत्तर आलं की मला शंका येते. ही खोड मला शिक्षणाने लागली की आधीपासून होती?

आईला सांगितलं नाही. बाबांना सांगितलं. सांगू नकोस म्हणताना तू त्यांचं नाव घेतलं नव्हतंस.

ते गावाच्या दारू गाळायच्या पडवीत होते. आमची पाळी होती, भट्टीवर तांब्याचा हंडा चढवला होता आणि बाबा खाली द्राक्षवेलीचे वाळके बुंधे सारत होते. शेजारचे जेवायला गेले होते. मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाले, "म्हणजे दुकानातलं."

मी हो म्हणाले.

"मग मी त्याला कशावरून हाकललं?"

नळीतून थेंब पडत होते आणि भांडं भरून सांडायला लागलं तरी दोघांनी ते हलवलं नाही. शेवटी बाबांनीच पायाने दुसरं भांडं सरकवलं आणि म्हणाले, "खोटं बोलतोय तो. जमिनीतलंच आहे ते. तू शिकलीस ना, मग लिही कचेरीत, जमिनीतलं आहे म्हणून. येऊ दे त्यांना कुंपण घालायला."

हे आपले बाबा. ज्यांनी सरकारच्या भीतीने दहा वर्षं त्या धारेवर नांगर नेला नाही.

आता माझी अवस्था बघ. आईला ते नवं असलं तरी चालेल आणि जुनं असलं तरी, फक्त ते हलता कामा नये. बाबांना ते जुनं हवं आहे, नाहीतर त्यांच्या रागाला काही आधारच उरत नाही. तुला ते नवं हवं आहे, आणि का ते मला कळत नाही. तू काही खणलं नव्हतंस एवढंच सांगायचं आहे तुला? की तू खणलं होतंस आणि आता आम्हाला वाचवतो आहेस? बाबांना दुकानाचं नाव तेव्हाच सांगितलं असतंस तर त्यांनी तुला मिठी मारली असती. की तुला ती मिठी नको होती?

बाई रोज विचारतात, भावाचं काय आलं. मी पोस्ट संथ आहे म्हणून सांगते. पोस्टाचा काहीएक दोष नाही.

आन्थी


मेलिसोवुनी, १८ डिसेंबर, सणाचा दिवस

दादा,

आज मोदेस्तोसचा सण झाला. गुरं कमी, पण पाणी मंत्रून घ्यायला सगळे आले. बाबांकडे आता जनावर नाही, तरी त्यांनी बाटली भरून घेतली आणि घरी येऊन रिकाम्या गव्हाणीत शिंपडली. मी विचारलं नाही.

कालचं सांगते.

मी रजा काढून आले ती मनाशी ठरवून आले होते. जनावर सोडायचं, रुमालात गुंडाळायचं, अथेन्सला पाठवायचं. कणभर कांसं बोलेल, माणसं बोलत नाहीत तर. आईला समोरासमोर सांगायचं, चोरून नाही. चर्चमध्ये गेले तर आई आधीच तिथे होती. जमिनीवर पाय पसरून बसलेली, मांडीवर फडकं, बाजूला राखेची वाटी आणि कापलेली लिंबं. दोरी तिने स्वतःच उतरवली होती. घासायला उतरवलेलं चालतं, म्हणते, संताला माहीत असतं.

चांदीचे डोळे घासले, चांदीचा पाय घासला. मग जनावर हातात घेतलं, घासत गेली आणि एका जागी अडली. मागच्या दोन पायांच्या वर, शेपटीखाली, जिथे बेचकं आहे तिथे. माझ्याकडे न बघता तिने ते माझ्यापुढे धरलं.

"इथे दरवर्षी राहतं. माझं बोट जात नाही. तुझी बोटं बारीक आहेत, तू काढ."

आणि डोक्यातली पिन काढून दिली.

मी ते खिडकीशी नेलं. दादा, बेचक्यात हिरवं होतं. तांदळाच्या दाण्याएवढं. गडद, घट्ट, खाली थोडं तांबूस. हे जमिनीतलं आहे, असंच वाटलं. आणि लगेच दुसरं वाटलं. दहा वर्षांचा लिंबाचा रस त्याच बेचक्यात साठून राहिला असेल तर कालच्या कांशावरही हिरवं चढतं. आपल्या घरच्या घंगाळाच्या कानाखाली चढतं तसं. मी बघत राहिले आणि ते एकदा सत्तावीसशे वर्षांचं दिसायचं, एकदा लिंबाचं. माझ्या पदवीने मला एवढंच शिकवलं की दोन्ही होऊ शकतं.

प्रयोगशाळेला बहुधा कळलं असतं. पण त्या वेळी तिथे उभी राहून मला एक गोष्ट मात्र लख्ख कळली. मला ते कुठलं आहे हे जाणून घ्यायचं नव्हतंच. मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.

मी पिन आईला परत दिली. म्हटलं, "हे राहू दे."

"घाण राहू दे? सणाला?"

"लेफ्तेरीदादा येऊन काढेल."

तिने माझ्याकडे बघितलं. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदाच. मग पिन परत केसांत खोचली आणि म्हणाली, "मग लिही त्याला. येताना पिन घेऊन ये म्हणावं, ही माझी आहे."

मी हसले आणि तीही हसली, मग तिने लिंबाच्या हातानेच डोळे पुसले आणि लिंबू झोंबलं म्हणून मलाच बोलत बसली.

तुझं पत्र मी तिला अजून दाखवलेलं नाही. ऑलिंपियाचं दुकान तुझं तू सांग.

उद्या त्रिपोलीला जाऊन मी बाईंपुढे हे ठेवणार आहे. काल रात्री जेवल्यावर लिहिलं. "संत मोदेस्तोसच्या तसबिरीखाली कांशाचं एक छोटं जनावर. घोडा किंवा खेचर. मेलिसोवुनीच्या पागोनाने मुलगा लेफ्तेरिस परत यावा म्हणून वाहिलेलं. नवस अजून फिटलेला नाही. फिटल्यावर मुलाला विचारून वस्तू कचेरीत आणण्यात येईल. वय ठरलेलं नाही." आणि शेवटी, शेपटीखालच्या हिरव्याला कुणी हात लावू नये, अशी सूचना.

तुझं पत्रही मी त्यांना दाखवणार आहे, आणि त्यावर माझा विश्वास बसत नाही हेही सांगणार आहे. माझ्या नोंदीतला एक शब्दही खोटा नाही, तरी याला अहवाल म्हणत नाहीत हे मला माहीत आहे. बाई कदाचित फाडतील. कदाचित करार पुढे वाढवणार नाहीत. मला भीती वाटते आहे, कारण ही नोकरी मला फार आवडते. पण जुन्या काळी अशा धारांवर माणसं जनावर वाहताना त्यावर कधीकधी एवढंच कोरायची, की मला अमक्याने दिलं. त्यापलीकडे मलाही काही सिद्ध करता आलेलं नाही.

म्हणून दादा, आता तूच बघ. ते दुकानातलं असेल तर तुला इथे यायला कसलीच अडचण नाही, कुणी तुला काही विचारणार नाही. आणि मळ्यातलं असेल तर जागा फक्त तुला माहीत आहे, तुझ्याशिवाय ती कुणी दाखवू शकत नाही. मी दोन्ही बाजूंनी विचार करून बघितला. दोन्ही बाजूंनी तुला यावंच लागतं. या सगळ्या गोंधळात मला सापडलेली ही एकच खात्रीची गोष्ट आहे.

दोरी परत बांधताना मी आईला ती खालून धरून दिली. सगळे नवस तिने संताकडे तोंड करून लावले, पाय, डोळे, बाळ, गाय. जनावर बांधताना आपण त्याचं तोंड नेहमी गव्हाणीकडे करतो. याचं तिने दाराकडे केलं, आणि एक डोळा मिटून ते नीट सरळ आहे का बघितलं.

आत्ता बाबा मागे येऊन उभे राहिले. कुणाला लिहितेस हे त्यांनी विचारलं नाही. मी विचारलं, तुमच्याकडून काय लिहू? ते खुंटीवरच्या खोगिराकडे बघत म्हणाले, "वेलींची छाटणी फेब्रुवारीत आहे, एवढंच लिही."

म्हणून लिहिलं.

आन्थी